पैसे थांबले म्हणून फोनपण थांबवायचा का?

पत्र आलंय ते आधी देते, थोडं छोटं केलंय आणि ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"मावशी, मी विट्याकडचा, वय ३६. अकरा वर्षं झाली तमिळनाडूत एका छोट्या शहरात गलाईचं, म्हंजे सोनं चांदी वितळवून शुद्ध करायचं दुकान आहे. गावाकडं आई, आप्पा, धाकटा भाऊ, भावजय. बहीण कराडला दिलीय. दर महिन्याला घरी १५ हजार पाठवत होतो, जत्रेला ११ हजार वर्गणी, पुतण्याच्या बारशाला चेन, सगळं केलं. सोन्याचा भाव लाखाच्या वर गेल्यापासून इथल्या सराफांकडचं गिऱ्हाईक बसलं, माझ्याकडं येणारा माल निम्म्याच्या खाली आलाय. दुकानाचं भाडं, पोरांची फी, वर ४ लाख व्याजानं घेतलेत. सात महिने झाले घरी रुपया पाठवला नाही. आधी फोन कमी केले मग बंदच झाले. आईचा फोन आला की वाजू देतो, नंतर धाकट्याला मेसेज टाकतो की कामात होतो. दिवाळीला गेलो नाही, सांगितलं सीझन आहे. परवा धाकट्याचा मेसेज आला, मोठा माणूस झालास, घर विसरलास. रात्रभर झोपलो नाही. तशी झोप येतच नाही, नको ते विचार येतात. बायको म्हणते फोन करा, मी म्हणतो कुठल्या तोंडानं करू. सगळं रुळावर आलं की एकदमच घरी जातो, हे बरोबर आहे ना?"

बाळा, नाही. बरोबर नाही. पण त्याच्या आधी ते "नको ते विचार" म्हणालास ना, ते बघू. पत्रात एका ओळीत उरकलंस पण मला तीच ओळ सगळ्यात मोठी वाटली. जीव द्यावा असलं काही मनात येत असेल तर घरच्या फोनच्या पण आधी १४४१६ ला फोन लाव, टेली मानस म्हणून सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्री दोन वाजता पण घेतात आणि मराठीत पण बोलता येतं. आणि आजच बायकोला हे शब्द सांग, जसे मला लिहिलेस तसे. ती शेजारी झोपते आणि तिला माहीत नाही असं असेल तर ते आधी संपव.

आता घरचं. तुला एक सांगते, हे मी सदरात कधी लिहिलं नव्हतं.

आमचं गाव शिराळा तालुक्यात. माझे वडील, तात्या म्हणायचो आम्ही, मुंबईत गिरणीत होते. गावातले बरेचजण मुंबईला, एकाच चाळीत एका खोलीत पंधरा वीस माणसं पाळीपाळीनं झोपायची, जेवण खानावळीत, आणि महिन्याच्या महिन्याला गावाला मनीऑर्डर. आता तुझ्या वयाच्या माणसाला मनीऑर्डरचा फॉर्म बहुतेक आठवणार नाही. त्याला खाली एक छोटा तुकडा असायचा, त्यावर दोन तीन ओळी लिहायला जागा असायची, पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि तो तुकडा फाडून हातात द्यायचा. आमच्या घरी तात्यांचं पत्र म्हंजे तो तुकडा. "मी खुशाल आहे. म्हशीला बघा. पोरीला शाळेत घाला." बस एवढंच, पण आजी तो तुकडा माझ्याकडून चार चार वेळा वाचून घ्यायची आणि मग देवाच्या फळीवर ठेवायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा चौथीत. पगार बंद, म्हणून मनीऑर्डर बंद. आणि मनीऑर्डर बंद म्हणून तो तुकडा पण बंद. बघ, बातमी पैशाच्या फॉर्मलाच चिकटलेली होती ना, पैसे गेले तशी बातमी पण गेली. पोस्टकार्ड मिळत होतं, फार पैसे पण लागत नव्हते त्याला, पण तात्यांना वाटलं की नुसतं पत्र कसं टाकू, बरोबर काहीच नाही. आज तू जे म्हणतोयस तेच, कुठल्या तोंडानं.

इकडं काय चाललं होतं ते सांगते, कारण तुला तुझ्या बाजूचं माहितीय, त्या बाजूचं माहीत नाही. पहिला महिना आजी म्हणायची येईल. दुसऱ्या महिन्यात पोस्टमन वेशीपाशी दिसला की ती अंगणात येऊन उभी राहायची, तो मान हलवून पुढं जायचा. तिसऱ्या महिन्यात गावात कुणीतरी म्हणालं की मुंबईत त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं असेल. कुणीतरी म्हणालं आजारी आहे, लपवतायत. आई काहीच बोलायची नाही, चुलीपुढं बसून भाकरी थापायची आणि मधेच थांबायची. संपाचं सगळ्यांना माहीत होतं, पैसे नाहीत हे शेंबड्या पोराला पण कळत होतं, पैशाची वाट कुणी बघतच नव्हतं रे. वाट बघत होते ती त्या दोन ओळींची.

शेवटी आजीनं मला बसवलं आणि पोस्टकार्ड लिहायला लावलं. माझं अक्षर मोठं, त्यामुळं फार मावलं नाही. "पैशाचं राहू दे. तू हाईस का ते कळव." एवढं लिहिलं आणि खोलीच्या पत्त्यावर टाकलं. त्यानंतर दहा बारा दिवसांनी तात्या आले. रात्रीच्या शेवटच्या एसटीनं आले, अंधार पडल्यावर, कुणी बघू नये म्हणून, आणि हातात नुसती एक पिशवी. आजीनं विचारलं नाही काय आणलंस. पाणी दिलं, आणि म्हणाली जेवलास का. ते पुढं वर्षभर गावातच राहिले, दुसऱ्याच्या रानात कामाला गेले, आणि माझ्या आठवणीत ते आमच्या घरातलं सगळ्यात तंगीचं वर्ष आहे आणि तात्या रोज घरी होते ते पण तेच एक वर्ष.

म्हणून म्हणते, रुळावर येण्याची वाट बघू नको. धंदा कधी सुधारेल हे तुझ्या हातात नाही, सोन्याचा भाव तर तुझ्या हातात नाहीच. आई किती वर्षं आहे ते पण नाही.

आणि दुसरं, तू गप्प आहेस म्हणून तिकडं गप्प नाहीत. गप्प बसलेल्या माणसाच्या जागी घरचे स्वतःच काहीतरी भरून टाकतात. आई भरणार की तुला काहीतरी आजार आहे. धाकटा भरणार की तू माजलास, ते त्यानं लिहिलंच. आणि गाव काय भरणार ते तुला मी सांगायला नको, आपल्याकडं पोरगा फिरकला नाही की बोट सुनेकडं जातं, "तिनंच कान भरले." तुझी बायको तुला रोज सांगतेय फोन करा आणि गावात सात महिन्यांत खलनायक तीच झाली असणार. हा अन्याय तू तिच्यावर करतोयस, नकळत, पण करतोयस.

आता फोन कसा करायचा ते.

पहिला फोन आईला करू नको, धाकट्याला कर. मला माहितीय तुला उलट वाटतंय, कारण आई रागावणार नाही आणि तो रागावणार. पण आईला आधी केलास तर ती रडेल, तू रडशील, खरं काही सांगायचं राहून जाईल आणि दोघं मिळून परत सगळं छान आहे असं म्हणून फोन ठेवाल. शिवाय तिला जे कळेल ते तिला एकटीला धाकट्यापुढं सांभाळावं लागेल. धाकट्याला आधी. आणि तो रागावलाय त्याचं कारण पण बघ जरा, तुझे १५ हजार बंद झाले तेव्हा आप्पांची औषधं, सोसायटीचा हप्ता, पाहुणेरावळे सगळं त्याच्या एकट्यावर आलं आणि त्याला कुणी विचारलं पण नाही. टेंभू योजनेचं पाणी शेतीला आलं म्हणून सगळ्यांना वाटतं गावाकडं आता चांगलं चाललंय, पण २०२५ ला मे महिन्यातच पाऊस जो लागला तो थांबायचं नाव नव्हतं, त्यात आपल्याकडच्या द्राक्षवाल्यांचं काय झालं हे तुला तिथं बसून कळलं नसेल. त्याच्याकडं बाग आहे का ऊस आहे तू लिहिलं नाहीस, पण काही असलं तरी त्याला विचार. सात महिन्यांत तू त्याला एकदा पण विचारलं नाहीस तुझं कसं चाललंय, आणि त्यानं पण तुला नाही विचारलं. दोघं एकमेकाला पैसेवाले समजून बसलाय.

त्याला काय बोलायचं, तर आकडे बोल. "धंदा जरा मंद आहे" असलं नको, ते तर प्रत्येकजण प्रत्येक वर्षी म्हणतो. सरळ सांग, "ऐक, तू लिहिलंस ते मला लागलं पण तुझं चुकलं नाही, मी सांगितलंच नाही तर तुला कसं कळणार. माझ्यावर ४ लाख आहेत व्याजाचे. महिन्याला दुकानात एवढे येतात, भाड्याला एवढे जातात, फीला एवढे. सात महिने मी पाठवू शकलो नाही आणि अजून काही महिने जमेल असं वाटत नाही. मी लाजलो म्हणून फोन केला नाही." हे शेवटचं वाक्य गाळू नको, बाकी सगळं विसरलास तरी चालेल. तो कदाचित लगेच विरघळणार नाही, म्हणेल "मग आधी सांगायला काय झालं होतं लगा." म्हणू दे. उत्तर देऊ नको, ऐकून घे.

आणि एक वाक्य चुकून पण तोंडातून काढायचं नाही, "पुढच्या महिन्यात पाठवतो." हे वाक्य फार महाग पडतं. ते बोलताना तुला बरं वाटतं, त्याला पण बरं वाटतं, आणि पुढचा महिना आला की तू परत फोन उचलायचा बंद होतोस. बहुतेक तसंच झालं असेल तुझं आधी पण. जमणार असेल तर ५०० रुपये आईच्या औषधाला टाक, फोनवरून जातात, त्याला १५ हजारच लागतात असं कुणी सांगितलंय. पण ते पण कबूल करू नको, टाक आणि गप्प बस. ५०० टाकायला लाज वाटते हे मला पण कळतं. पण ते आईच्या हातात पडतील तेव्हा ती ५०० मोजणार नाही.

मग आईचा फोन. याला दिवस ठरवून टाक, तुझी भट्टी रविवारी बंद असेल तर रविवार, आणि वेळ अशी धर की सकाळच्या धारा काढून डेअरीला दूध गेलंय आणि रानात जायला अजून अवकाश आहे. पाच मिनिटं पुरे. दर रविवारी, काही सांगण्यासारखं असो नसो. माझं असं बघण्यात आहे की महिन्यातून एकदा तासभर बोलण्यापेक्षा हे बरं, कारण तासभराचा फोन कुणी टाळतो, पाच मिनिटांचा टाळत नाही. आणि या फोनवर पैशाचं बोलायचं नाही, अजिबात नाही, ना तू ना ती. पैशाचं धाकट्याबरोबर, वेगळ्या दिवशी, वेगळ्या फोनवर, महिन्यातून एकदा. हे दोन फोन वेगळे केलेस ना तर तुझं निम्मं ओझं कमी होईल, आईचं नाव स्क्रीनवर आलं की छातीत धस्स होतं ते थांबेल. जमिनीचं, वाटणीचं, कर्जाला गहाण काय ठेवायचं त्याचं, हे तर कुठल्याच फोनवर नको, ते समोरासमोर, आप्पा हजर असताना.

आईचा फोन बटनाचा असेल तर आधी त्याचा रिचार्ज आहे का बघ. घरात तंगी आली की पहिला म्हाताऱ्या माणसाचा रिचार्ज थांबतो, आम्हाला काय करायचाय फोन म्हणून ते स्वतःच नको म्हणतात. काही दिवसांनी येणारे फोन पण बंद होतात आणि मग तिकडून फोन येत नाही म्हणून इकडं तू समजणार की रुसली. डिसेंबर २०२४ ला ट्रायनं, म्हंजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियम केलाय की ज्याला नेट नको त्याला नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक कंपन्यांनी वेगळे द्यायलाच पाहिजेत, ते ८४ दिवसांचे मिळतात, वर्षाचे पण मिळतात, नेटवाल्या पॅकपेक्षा स्वस्त पडतात. तिथं बसून तू टाकू शकतोस. दुकानदार हा पॅक आपणहून सांगत नाहीत बऱ्याचदा, विचारावं लागतं.

पोरांचं तू लिहिलं नाहीस पण मला माहितीय, गलाईवाल्यांची पोरं तिथल्याच शाळेत, बाहेर तमिळ बोलतात, आणि आजीशी फोनवर "कशी आहेस" "बरी आहे" च्या पुढं गाडी जात नाही. त्यांना फोन देताना नुसतं "आजीशी बोल" म्हणू नको, एक प्रश्न देऊन पाठव. आजी म्हशीचं नाव काय, आजी तू शाळेत असताना काय खायचीस, आजी पप्पा लहानपणी कुणाचा मार खायचे. आईला सांगायला आवडेल असा एकच प्रश्न, बघ ती पाच मिनिटं पुरत नाहीत. आणि तू पण तिला काहीतरी विचार, जे तुला खरंच पाहिजे. माझ्या ओळखीतल्या एकानं आईला दर आठवड्याला एक भाजी विचारायला सुरुवात केली, घोळाची कशी करायची, उसळीला वाटण काय घालतेस, आणि ती म्हातारी रविवारची वाट बघत बसायची, पुढच्या वेळी काय सांगायचं ते ठरवून ठेवायची. दहा वर्षं तिला सगळे फक्त देत होते, कुणी काही मागत नव्हतं. तू पण दहा वर्षं फक्त पाठवलंस. आता माग काहीतरी. आईला सांग चटणी पाठव. शेंगदाण्याची, तिच्या हातची. तुमच्या भागातला कुणी ना कुणी तिकडच्या बाजूला जात येत असतोच, विटा, खानापूर, आटपाडी, इकडं साताऱ्यातलं माण खटाव, या सगळ्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं मूस आणि भट्टी घेऊन देशभर पसरली ती अशीच एकमेकांच्या आधारानं पसरली, पिशवी पोचायला कुरिअर लागत नाही.

त्यावरून आठवलं, तिथल्या तुझ्या गाववाल्यांपासून पण तू तोंड चुकवत असशील. ते नको करू. तुझा माल निम्म्यावर आला तर शेजारच्या शहरातल्याचा पण आलेला असणार. दोघं तिघं बसून बोललात तर कुणाला कुठं दुकान सोडून भागीत बसता येईल, कुठला सराफ अजून माल देतोय, हे कळेल. धंद्यातलं मला कळत नाही म्हणून पुढं बोलत नाही.

कराडच्या बहिणीला भाऊबीज राहिली असेल तुझी. तिला फोन करून तेवढंच सांग, ओवाळणी राहिलीय, मी राहिलो नाही. तिच्याकडं स्मार्टफोन असेल तर आईला मधून मधून तिच्याकडं जाऊ दे, बायकांना २०२३ पासून एसटीला अर्धंच तिकीट आहे, आणि आप्पा ७५ च्या वर असतील तर त्यांना लागतच नाही. तिथनं व्हिडिओवर पोरांना बघतील दोघं. आईला तुझं तोंड दिसेल. बारीक झालास म्हणेल, म्हणू दे.

जत्रेचं. मला वाटतं तुझ्या मनात खरा काटा तो आहे, तू १५ हजाराच्या आधी ११ हजाराचा विचार करतोयस. स्पीकरवरून नावं पुकारतात, अमुक अमुक यांच्याकडून अकरा हजार, आणि यंदा तुझं नाव येणार नाही, किंवा ५०१ ला येईल, सगळं गाव ऐकेल. तर मी सांगते, पहिल्यांदा जत्रेला जाऊच नको. आधी एकदा आडदिवशी जा, कसला सण नाही, कुणाचं लग्न नाही, असा मंगळवार बुधवार बघून. एकटा जा, मिरजेपर्यंत स्लीपरचं तिकीट काढ, तिथनं एसटी. दोन दिवस राहा. कपडे आणू नको कुणाला, मिठाई नको. तिथं दुपारी आईबरोबर अंगणात बस, धाकट्याबरोबर रानात जा आणि त्याच्याबरोबर पाणी धर. दिवसाच्या गाडीनं जा बाळा, तात्यांसारखा अंधारात उतरू नको, तू काही चोरी केली नाहीस. आणि गावात कुणी विचारलं कसं काय चाललंय तर म्हण, सध्या जरा अडचण आहे. एकदा म्हणालास की पुढच्या वेळी जत्रेला ५०१ ची पावती फाडायला हात थरथरणार नाही. आणि तुझ्यासारखे अजून किती जण त्या स्टँडवर उतरायचं टाळतायत, त्यांना पण जरा सोपं जाईल.

बायकोला एवढं सांग की मावशी म्हणाली तिचं बरोबर होतं.

आता धाकट्याला फोन लाव, आज रात्री, जेवणं झाल्यावर. आईला रविवारी. आणि रविवारी तिचा फोन लागला नाही तर लगेच काहीतरी झालं असेल असं मनात आणू नको, रिचार्ज संपलेला असेल नाहीतर चार्जिंग नसेल, शेजारच्या घरी लाव, ते हाक मारतील तिला, ती येईपर्यंत फोन ठेवू नको.